‘कर आम्ही भरतो, मत फुकटे देतात’: या हिशोबातल्या चुका

निवडणूक जवळ आली किंवा निकाल मनासारखा लागला नाही की एक मजकूर हमखास फोनवर येऊन पडतो. शब्द दर वेळी थोडे बदलतात, आशय तोच असतो. देशात जेमतेम दोन-तीन टक्के लोक कर भरतात आणि बाकीचे त्यांच्या जिवावर जगतात. या बाकीच्यांना महागाई, तूट, कर्ज यातलं काही कळत नाही. जो खात्यात हजार-दीड हजार टाकील त्याला ते मत विकतात. शिकलेला माणूस विचार करून मत देतो, पण त्याचं मत संख्येत बुडून जातं. तेव्हा मताचा हक्क करदात्यांपुरता, निदान पदवीधरांपुरता ठेवावा.

मी सांगलीत लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देते. हा मजकूर मला पाठवणारे बहुतेक जण माझ्या ओळखीचे, कष्टाने कमावणारे, चांगले लोक आहेत. त्यांचा राग मला कळतो. पगार हातात येण्याआधी कर कापला जातो आणि घरासमोरचा रस्ता वर्षानुवर्षं उखडलेलाच राहतो. पण राग खरा असला म्हणून हिशोब बरोबर ठरत नाही, आणि हा हिशोब जिथे हात घालावा तिथे चुकलेला आहे. तो तसाच पुढे जात राहिला तर त्याचा शेवट कुणाचा तरी हक्क काढून घेण्यात होतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

‘दोन-तीन टक्केच लोक कर भरतात’

आयकरापुरतं बोलायचं तर आकडा फारसा चुकलेला नाही. देशात वर्षाला सात कोटींहून अधिक विवरणपत्रं भरली जातात आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांशांचा कर शून्य निघतो. म्हणजे प्रत्यक्ष आयकर भरणारे दोन टक्क्यांच्या आसपासच. चूक पुढच्या पायरीवर आहे. आयकर हा एकच कर धरला आणि बाकीचे सगळे कर हिशोबातून गळाले.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रुपया कुठून येतो याचं साधं चित्र दिलेलं असतं. त्यात आयकराचे २२ पैसे आहेत. जीएसटीचे १८, उत्पादन शुल्काचे ५ आणि सीमाशुल्काचे ४ मिळून २७ पैसे होतात. कंपन्यांच्या करातून १७ येतात आणि तब्बल २४ पैसे कर्जाचे आहेत. हे झालं फक्त केंद्राचं. जीएसटीत राज्याचा वाटा वेगळा असतो, आणि पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचा कर राज्याच्या तिजोरीत जातो. २०२४-२५ मध्ये देशात जीएसटीची एकूण वसुली २२ लाख कोटींच्या वर गेली. वैयक्तिक आयकर त्याच वर्षी १२ लाख कोटींच्या आसपास होता.

आता हा जीएसटी कोण भरतं ते पाहा. द्राक्षबागेत छाटणीला जाणारी बाई २९९ रुपयांचं रिचार्ज मारते. दूरसंचार सेवेवर १८ टक्के कर आहे, म्हणजे त्या २९९ मधले ४५ रुपये ६१ पैसे करात जातात. तिच्या अंगाच्या साबणावर, डोक्याच्या तेलावर, टूथपेस्टवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के कर होता. आता तो ५ आहे. जीएसटी आल्यापासून आठ वर्षं ती तो भरत आली, तिला कुणी पावती दिली नाही आणि कुणी करदाता म्हटलं नाही.

शेतकऱ्याचं तर आणखी विचित्र आहे. दुकानदार खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करून घेतो. शेतकरी औषध फवारतो, त्या कीटकनाशकावर १८ टक्के भरतो, पण त्याच्या मालावर कर नसल्याने वजा करायला समोर काहीच नसतं. तो कर त्याच्या खर्चात मुरतो. शेती उत्पन्नावर आयकर नाही हे खरंच आहे, आणि त्या सवलतीचा गैरफायदा घेणारे बडे लोक मी माझ्या कामात पाहते. त्यांच्यावर बोला, मी तुमच्या बरोबर आहे. पण दोन एकरवाला कर भरत नाही असं म्हणू नका.

अजून एक गोष्ट. महिन्याला बारा हजार मिळवणारं घर बाराच्या बारा हजार खर्च करतं, आणि त्या खर्चातल्या बहुतेक वस्तूंवर कुठे ना कुठे कर लागलेला असतो. दोन लाख मिळवणारं घर त्यातले लाखभर बाजूला टाकू शकतं, आणि बाजूला टाकलेल्यावर जीएसटी नाही. म्हणून उत्पन्नाच्या मानाने या करांचं ओझं खालच्या माणसाला जास्त जाणवतं.

‘सामान्य मतदाराला अर्थकारण कळत नाही’

या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळा मजकूर याच्यावर उभा आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाचं उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं, म्हणजे त्याहून स्वस्तात कांदा परदेशी विकता येणार नाही. ८ डिसेंबरला निर्यात थेट बंद केली. लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. बंदीची मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत होती आणि शेतकरी त्या तारखेकडे डोळे लावून बसले होते, कारण उन्हाळ कांदा निघून बाजारात येतो तो त्याच सुमाराला. २२ मार्चला केंद्राने बंदी पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. एप्रिलच्या अखेरीस गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टन निर्यातीची परवानगी मिळाली आणि नाशिकच्या लाल कांद्याला नाही, यावरून पुन्हा ओरड झाली. ४ मे रोजी बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरची अट ठेवून. याच जिल्ह्यातल्या दिंडोरी मतदारसंघात लोकसभेचं मतदान होतं २० मे रोजी.

लासलगाव, पिंपळगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर लावून उभ्या असलेल्या माणसाला यातली प्रत्येक तारीख पाठ होती. ५५० डॉलरवर ४० टक्के शुल्क लावल्यावर दुबईत आपला कांदा पाकिस्तानच्या कांद्यापुढे टिकतो की नाही, हा हिशोब तो तोंडी करत होता. बंदी कुणाच्या अधिकारात येते, राज्याच्या की केंद्राच्या, हेही त्याला ठाऊक होतं. निकाल लागला तेव्हा दिंडोरीतून केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार एका शिक्षकाकडून लाखाहून अधिक मतांनी हरल्या. कांद्याचा फटका बसला हे सत्ताधारी आघाडीच्या नेत्यांनीच नंतर उघडपणे मान्य केलं.

पुढे काय झालं तेही बघा. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान निर्यात मूल्याची अट गेली आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आलं. एप्रिल २०२५ पासून ते शून्य झालं. त्या मधल्या काळात, नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि याच नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ जागा महायुतीला मिळाल्या. एवढ्या उलथापालथीला ‘लोक सहा महिन्यांत विसरले’ असं म्हणणं सोपं आहे. मला त्यात विसर दिसत नाही. धोरण बदललं, भाव सुधारला, हातात पैसे आले, स्थानिक उमेदवारांची गणितं वेगळी होती. दोन्ही वेळा मतदार आपल्या समोरच्या परिस्थितीवर बोलला. एखाद्या धोरणाने पोटाला चिमटा बसला हे ओळखून, ते करणाऱ्याला मतपेटीतून ते सांगणं आणि ते धोरण बदलायला लावणं, याहून अधिक अर्थज्ञान मतदाराकडून कोणी मागू नये.

दिंडोरीतली एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची नाही आणि ती लपवणार नाही. त्याच निवडणुकीत विजयी उमेदवाराशी सारख्या आडनावाच्या एका अपक्षाला, त्याच्या तुतारीशी साधर्म्य असलेल्या चिन्हावर, लाखभर मतं पडली. त्यातली बरीचशी गोंधळातून पडली असणार. पण मतपत्रिकेवर दोन तुताऱ्या मतदाराने आणल्या नव्हत्या. निवडणूक आयोगाने पुढे ते चिन्ह गोठवलं, म्हणजे चूक कुठे होती हे त्यालाही पटलं.

महागाईचंही असंच आहे. ‘महागाई चार-पाच टक्केच आहे, लोक उगाच ओरडतात’ असं ऐकायला मिळतं. रिझर्व्ह बँक मोठ्या शहरांतल्या कुटुंबांना दर काही महिन्यांनी विचारते की तुम्हाला महागाई किती वाटते, आणि उत्तर जवळपास नेहमीच सरकारी आकड्याच्या वर येतं. शहरातली, शिकलेली कुटुंबंसुद्धा त्यात आली. कारण आकडा सरासरीचा असतो आणि घर सरासरीने चालत नाही. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाचा ४७ टक्के खर्च खाण्यावर होता, शहरी कुटुंबाचा ४० टक्क्यांच्या जरा खाली. डाळ आणि भाजी महागली की ज्या घराचा निम्मा खर्च खाण्यावर आहे त्या घराची महागाई खरोखरच जास्त असते. ते घर चुकत नाही, आपलाच आकडा सांगतं.

‘शिकलेल्याला तरी कळतं’

दर जुलैत माझ्यासमोर अभियंते, प्राध्यापक, बँकेतले अधिकारी बसतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची पक्की समजूत असते की उत्पन्नाने एक टप्पा ओलांडला की सगळ्या उत्पन्नावर वरचा दर लागतो. काही जण त्या भीतीने पगारवाढीचा हप्ता पुढे ढकलता येईल का असं विचारतात. दर फक्त टप्प्याच्या वरच्या रकमेवर लागतो, हे मी कागदावर मांडून दाखवते. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य झाला तेव्हा तर ‘१२ लाख १० हजार झाले की साठ हजार गेले’ असं सर्रास बोललं गेलं. तक्त्याप्रमाणे आकडा ६१,५०० निघतो हे खरं, पण अशा ठिकाणी सवलत असते आणि वरच्या दहा हजारांपेक्षा जास्त कर घेतला जात नाही. उपकर धरून १०,४०० रुपये. ज्यांचं स्वतःचं उत्पन्न, स्वतःचा कर, त्यांना हे माहीत नव्हतं. मी त्यांना अडाणी म्हणत नाही. करकायदा किचकट आहे आणि ज्याचं त्याचं काम वेगळं आहे. एवढीच सूट मला इतरांसाठी हवी आहे.

पगारपत्रकातली दुसरी एक ओळ बघा. व्यवसाय कर, महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महाराष्ट्रातले बहुतेक नोकरदार तो भरतात. हा कर कशासाठी सुरू झाला असं मी विचारते तेव्हा क्वचितच कुणाला सांगता येतं. तो १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी आणला गेला. आमच्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये मजुरांना मागेल तेव्हा काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराने दर महिन्याला थोडं द्यायचं आणि त्यातून दुष्काळी गावात खडी फोडणाऱ्याला मजुरी मिळायची, असा तो उघड, ठरवून केलेला व्यवहार होता. त्या मजुरीवर पाझर तलाव झाले, रस्ते झाले, विहिरी झाल्या. केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा याच अनुभवावर उभा राहिला. पन्नास वर्षं आपण हा कर भरतो आहोत आणि आपण काय मोठं काम केलं हेच आपल्याला माहीत नाही. मला याची फार खंत वाटते, कारण जो माणूस स्वतःच्या चांगल्या कामाची आठवण ठेवत नाही तोच पुढे ‘आमच्या पैशांवर जगतात’ असं म्हणायला लागतो.

आणि मतदानाला जाण्याचं म्हणाल तर २०२४ च्या लोकसभेत दक्षिण मुंबईत पन्नास टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, गडचिरोली-चिमूरमध्ये सत्तरच्या पुढे.

‘खात्यात पैसे टाकले की मत मिळतं’

मिळतं तेव्हा बातमी होते. मिळत नाही तेव्हा तो निकाल या मजकुरात येत नाही.

आंध्र प्रदेशात वायएसआर काँग्रेसच्या सरकारने पाच वर्षं घरोघरी थेट खात्यात पैसे टाकले, बटन दाबून हप्ते सोडण्याचे जाहीर कार्यक्रम केले. २०१९ मध्ये १५१ जागा मिळवलेला तो पक्ष २०२४ मध्ये ११ वर आला. तेलंगणात शेतकऱ्याला एकराप्रमाणे रोख रक्कम देणारी रयतु बंधू योजना २०१८ पासून चालू होती, तिचं देशभर कौतुक झालं, आणि २०२३ मध्ये ते सरकार गेलं. राजस्थानात २५ लाखांपर्यंतचा आरोग्य विमा देणारं सरकार त्याच वर्षी पडलं. २०१३ मध्ये अन्न सुरक्षा कायदा करणारं केंद्र सरकार २०१४ मध्ये भुईसपाट झालं. यातल्या काही ठिकाणी विरोधकांनी आणखी मोठी आश्वासनं दिली होती हे मान्य. तरी एवढं नक्की दिसतं की लोक पैसे घेतात, आणि मग रोजगार, भ्रष्टाचार, स्थानिक नेत्याची मुजोरी, पिकाचा भाव हे सगळं पाहून मत ठरवतात.

राहिला लाडक्या बहिणीचा मुद्दा, कारण महाराष्ट्रात हा मजकूर तिच्या नावानेच फिरतो. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली, महिन्याला १,५०० रुपये, आणि पाच महिन्यांत निवडणूक. त्याचा निकालावर परिणाम झाला असं मलाही वाटतं. पण त्या बाईचं अज्ञान कशात आहे ते मला कुणी दाखवून द्यावं. तिला रक्कम माहीत आहे, हप्ता कोणत्या तारखेला चुकला हे माहीत आहे, कोणत्या सरकारने दिला हे माहीत आहे, आणि ते १,५०० घरातल्या कुणालाही न विचारता वापरता येतात याची किंमत तर तिच्याशिवाय कुणालाच कळणार नाही. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एकीने त्यातून मुलीची शाळेची व्हॅन लावली. तिने स्वतःचं हित पाहून मत दिलं असेल, तर ते अडाणीपणाचं लक्षण म्हणता येणार नाही.

स्वतःचं हित पाहण्याबद्दल आक्षेप असेल तर तो सगळ्यांना सारखा लावा. १ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्र्यांनी १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं आणि त्यापोटी सरकार वर्षाला सुमारे एक लाख कोटींच्या महसुलावर पाणी सोडतंय असं सांगितलं. ५ फेब्रुवारीला दिल्लीत मतदान होतं. लाडक्या बहिणीचा वर्षाचा अंदाजित खर्च सुरुवातीला ४६ हजार कोटी सांगितला गेला होता. एकाला दिलासा म्हणायचं आणि दुसऱ्याला रेवडी, हे मला पटत नाही. दोन्ही पैसे तिजोरीतूनच जातात. दोन्हींवर एकच प्रश्न विचारायला हवा: हे भरून कुठून काढणार?

आणि हा प्रश्न विचारण्यासारखाच आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज दिला होता. सामाजिक न्याय खात्याचा निधी या योजनेकडे वळवला गेला अशी तक्रार त्या खात्याचे मंत्रीच २०२५ मध्ये जाहीरपणे करत होते. म्हणजे वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या वाट्याचं त्याच्या आईच्या खात्यात गेलं असू शकतं. ही माहिती निवडणुकीआधी त्या आईसमोर कुणी ठेवली होती का? सत्ताधाऱ्यांनी ठेवली नाही आणि विरोधकांनी ३,००० देण्याचं वचन दिलं, तेव्हा त्यांनीही ठेवली नाही.

‘मग मत करदात्यांनाच द्या, किंवा पदवीधरांनाच’

करदाता म्हणजे आयकर भरणारा धरला, तर नव्या पद्धतीत, पगारावरची ठरावीक वजावट धरून, १२ लाख ७५ हजारांपर्यंत पगार असलेल्या नोकरदाराचं मत पहिल्याच दिवशी जाईल. हा मजकूर मला पाठवणाऱ्यांपैकी अर्ध्याअधिकांचा कर यंदा शून्य निघाला, त्यांची विवरणपत्रं मीच भरली. घर सांभाळणाऱ्या त्यांच्या बायका, निवृत्त आईवडील, शिकणारी मुलं यांना तर मत कधीच मिळणार नाही. कर चुकवणाऱ्या पण थोडाफार दाखवणाऱ्या माणसाचं मत मात्र शाबूत राहील.

असा मताधिकार या देशाने वापरून झालेला आहे. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांखाली मत होतं ते मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहून. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत साडेतीन कोटींच्या आसपास लोक मतदार होते, बाकी सगळे बाहेर. बायकोला मत मिळायचं ते बऱ्याचदा नवऱ्याच्या मालमत्तेवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांना मत मिळावं म्हणून साक्ष दिली आणि १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे सगळ्या प्रौढांना मताधिकार मागितला. ज्यांना शाळेत बसू दिलं नाही, जमीन घेऊ दिली नाही, त्यांना शिक्षण आणि जमीन नाही म्हणून मतही नाही, हा तो अन्याय होता. संविधानाच्या ३२६ व्या कलमाने तो संपवला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते आणि १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या जवळ होती. याच बहुसंख्य निरक्षर मतदारांनी पुढे १९७७ मध्ये आणीबाणी लादणारं सरकार खाली खेचलं.

पदवीधरांचं म्हणाल तर तो प्रयोग आजही चालू आहे. आपल्या विधान परिषदेत सात जागा पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या आहेत. तिथे फक्त शिकलेले मत देतात. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या पाच जागांची निवडणूक झाली तेव्हा सगळ्यात गाजलेला मुद्दा जुन्या पेन्शनचा होता. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन हवी होती, आणि ती देण्याचं वचन देणाऱ्यांना त्याचा फायदा झाला. निवृत्तीनंतर हातात काय येणार याची काळजी कुणालाही असते, मी त्यांना दोष देणार नाही. तिजोरीवर त्याचा भार किती, हा प्रश्न त्यांनी किती खोलात जाऊन विचारला हे मात्र पदवीधर मतदारांनी स्वतःला विचारावं.

यात खरं किती आहे

अज्ञान आहे. ते मी नाकारत नाही. गल्लीतल्या गटारावरून खासदार निवडला जातो आणि नगरसेवक निवडताना परराष्ट्र धोरणावर भाषणं होतात. पाणी कुणाकडे, शाळा कुणाकडे, निर्यात कुणाकडे हे पुष्कळांना माहीत नसतं. एका मताने निकाल बदलत नाही, मग अर्थसंकल्प वाचण्यात रात्र का घालवायची, असा व्यवहारी विचार प्राध्यापकही करतो आणि रिक्षावालाही.

पण माहिती मागायला गेलेल्याला ती मिळते का, तेही पाहायला हवं. २०१७-१८ ची घरगुती खर्चाची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ ची पाहणी लोकांसमोर आली. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि आता ती २०२७ ची म्हणून होते आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षं देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेचा अर्थसंकल्प प्रशासकाने मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. ज्या मतदाराला जाब विचारायला नगरसेवकच नव्हता, त्याला महापालिकेच्या खर्चाची माहिती नाही म्हणून हिणवायचं कसं?

लिहिता-वाचता न येणाऱ्यांना हिशोबाशी देणंघेणं नसतं असं ज्यांना वाटतं त्यांनी राजस्थानात काय घडलं ते वाचावं. १९९४ च्या डिसेंबरपासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाया घेतल्या. सरकारी कामांची हजेरीपत्रकं मिळवून ती मांडवात मोठ्याने वाचून दाखवली जायची. मेलेल्या माणसांची नावं, गाव सोडून गेलेल्यांची नावं, कधीच न झालेल्या कामांची बिलं त्यात निघायची, आणि अंगठा उठवणाऱ्या बाया उभ्या राहून सांगायच्या की मी त्या दिवशी कामावर नव्हतेच, हा अंगठा माझा नाही. त्यांची घोषणा होती, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं गेलं. याच मागणीतून देशाला २००५ चा माहितीचा अधिकार कायदा मिळाला, जो आज पदवीधर आणि करदाते मोठ्या अभिमानाने वापरतात.

त्या कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की अर्थसंकल्प, खर्च आणि योजनांच्या लाभार्थ्यांची माहिती कुणी मागण्याची वाट न पाहता कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायची. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे की तुमच्या प्रभागाचा, तुमच्या ग्रामपंचायतीचा यंदाचा खर्च मराठीत, एका पानावर, सगळ्यांना दिसेल असा लावावा म्हणून एक अर्ज करा. अर्ज कसा लिहायचा ते मी सांगेन, आणि तो घेऊन जाताना धुणीभांडी करणाऱ्या त्या बाईलाही बरोबर घ्या, तिचे प्रश्न माझ्यापेक्षा नेमके असतात.